केसपेपरपासून फॉलोअपपर्यंत : ट्रान्स आणि तृतीयपंथी व्यक्तींना टिकता येईल असं व्यसनमुक्ती केंद्र

बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रांचे दोनच भाग असतात. एक पुरुष वॉर्ड आणि असलाच तर एक महिला वॉर्ड. केसपेपरवर दोन चौकोन, संडासाच्या दोन रांगा, झडती घ्यायला एक वॉर्डबॉय आणि एक आया. या दोन खान्यांत न बसणारी व्यक्ती दारू सोडायला आली, तर तिला तोंडावर 'नाही' कुणीच म्हणत नाही. पण दुपारपर्यंत चारदा आधारकार्डावरच्या नावाने हाक पडते, संध्याकाळी दाढीचं सामान जमा होतं, रात्री कॉट कुठे टाकायची यावर स्टाफचं एकमत होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्यक्ती सही करून निघून जाते आणि रजिस्टरमध्ये कारण लिहिलं जातं : 'मोटिव्हेशन कमी'.

मोटिव्हेशन कमी नव्हतं. माणसं निघून जातात ती अशा बारीकसारीक गोष्टींनी, आणि बहुतेक पहिल्या तीन दिवसांत. म्हणून पुढे सगळ्यात जास्त जागा या तीन दिवसांनाच दिली आहे. डोळ्यांसमोर पंधरा-वीस कॉटचं, कमी स्टाफचं, महाराष्ट्रातलं साधं केंद्र धरलं आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळं बजेट लागत नाही.

बोलायचं कसं

मराठीत ही अडचण इंग्रजीपेक्षा मोठी आहे, कारण आपलं क्रियापदच लिंग सांगतं. 'गेलास' की 'गेलीस' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. पण त्याच मराठीत वाटाही आहेत, आणि त्या स्टाफला अर्ध्या तासात शिकवता येतात.

पहिली वाट 'तुम्ही'ची. 'तुम्ही कधी आलात?', 'तुम्ही जेवलात का?', 'रोज किती घेता?', 'उद्या याल का?' या वाक्यांत लिंग नाही. अडतं ते विशेषणाशी : 'कसे आहात' म्हटलं तर पुरुष, 'कशा आहात' म्हटलं तर स्त्री. त्याऐवजी 'बरं वाटतंय का?' विचारा. 'तुम्ही कुठले?' ऐवजी 'तुमचं गाव कोणतं?', 'दमला आहात का?' ऐवजी 'थकवा वाटतोय का?'. राउंडला रोज लागणारी अशी दहा वाक्यं कागदावर लिहून नर्सिंग स्टेशनच्या आतल्या बाजूला चिकटवा.

दुसरी वाट कान उघडे ठेवायची. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल 'मी आलो' म्हणते की 'मी आले', हे पहिल्या दोन मिनिटांत ऐकू येतं. जे ऐकलं तेच पुढे वापरा, पण एकदा विचारूनही घ्या : 'तुमच्याशी बोलताना ताई म्हणू, दादा म्हणू, की नुसतं नावाने हाक मारू?' काही जण घरच्यांसमोर 'आलो' म्हणतात आणि एकट्यात 'आले'. ही विसंगती नव्हे, खबरदारी आहे. नातेवाइकांसमोर कसं बोलायचं, हे वेगळं विचारा.

केस नोट्समध्ये तृतीय पुरुषात ('ते', 'त्या' असं) लिहावं लागतं, तिथे मराठीची 'ने/नी'वाली रचना कामाला येते. 'त्यांनी रात्री जेवण घेतलं नाही', 'त्यांना झोप लागली नाही', 'त्यांनी क्रेव्हिंग असल्याचं सांगितलं' या वाक्यांत लिंग दिसत नाही. 'ते झोपले' आणि 'त्या झोपल्या' यांत दिसतं. व्यक्तीने निवड सांगितली असेल तर सरळ तीच वापरायची. सांगितली नसेल तोवर ही रचना. चूक झाली तर 'सॉरी, ताई' एवढं म्हणून पुढचं वाक्य बोला. पाच मिनिटं माफी मागत बसलात, तर समोरच्याला तुमची समजूत काढावी लागते.

शब्दांचंही बघायला हवं. 'तृतीयपंथी' हा सरकारी कागदावरचा शब्द, बऱ्याच जणींना चालतो. ट्रान्समॅन (जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदवलेले पुरुष; ट्रान्सवुमन याच्या उलट) मात्र सहसा स्वतःला तृतीयपंथी म्हणवून घेत नाहीत, आणि फॉर्मवर तेवढाच पर्याय असला तर ते गुपचूप 'स्त्री'वर खूण करतात. 'हिजडा' हा शब्द समाजातली माणसं आपसांत वापरतात. स्टाफच्या तोंडून तो शिवीसारखाच ऐकू येतो. कोल्हापूर-सांगली भागात यल्लम्माला सोडलेले जोगते येतील. त्यांची ओळख देवीशी बांधलेली असते, 'ट्रान्स' हा शब्द त्यांना परका वाटू शकतो. ज्याचा जो शब्द, तोच कागदावर.

केसपेपर

'लिंग : पु / स्त्री' ही ओळ काढा आणि तिच्या जागी तीन ओळी टाका : हाक मारायचं नाव, कागदोपत्री नाव, लिंगओळख (पुरुष, स्त्री, ट्रान्समॅन, ट्रान्सवुमन, तृतीयपंथी, यांपैकी नाही, सांगायचं नाही). शेवटचा पर्याय ठेवाच, नाहीतर माणसं खोटं लिहितात आणि ते खोटं महिनाभर निभवावं लागतं.

प्रश्न सगळ्यांना विचारा. 'दिसायला तसे' वाटणाऱ्यांनाच विचारलं, तर प्रश्न म्हणजे शिक्काच होतो. पन्नाशीचा शेतकरी हसेल, हसू दे. दोन आठवड्यांत रिसेप्शनला सवय होते.

आता नेमकं कुठे फसतं. फॉर्म नवा होतो, पण कागदोपत्री नाव आणखी पाच ठिकाणी जुनंच राहतं : कॉटला लावलेलं कार्ड, औषधांचा ट्रे, लॅबचा फॉर्म, जेवणाची यादी आणि ग्रुपची हजेरी. हजेरी मोठ्याने वाचली जाते, आणि सगळं तिथेच उघडं पडतं. या पाचही ठिकाणी नोंदणी क्रमांक आणि हाक मारायचं नाव एवढंच ठेवा. औषध देताना ओळख पटवायला क्रमांक आणि जन्मतारीख पुरते. विम्यासाठी, सरकारी योजनेसाठी, पोलिसांच्या पत्रासाठी कागदोपत्री नाव लागतं. ते फाइलच्या आतल्या पानावर असू द्या आणि फाइल टेबलावर उघडी ठेवू नका.

जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र असणं ही उपचाराची अट नाही, हाक मारायच्या नावाची तर नाहीच. ते मागू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांनाही लागू होतो, आणि त्याच्या कलम १८ मध्ये लिंग किंवा लैंगिक कल यावरून उपचारात भेद करायचा नाही असं स्पष्ट आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यातही आरोग्यसेवेतल्या भेदभावाला मनाई आहे.

झडती, सामान आणि दाढी

झडती टाळता येत नाही, कारण अंगावर पुडी किंवा गोळ्या आणणारे असतात. पण ती कपडे उतरवून घ्यायची नसते. आधी विचारा : 'झडती कुणी घेतलेली चालेल?' दोन कर्मचारी, बंद खोली, कपड्यांवरून हात, बॅग व्यक्तीच्या डोळ्यांसमोर रिकामी. ब्रामधलं पॅडिंग, विग, पोटाला बांधलेला पट्टा हे व्यक्तीने स्वतः काढून दाखवायचं आणि लगेच परत घ्यायचं. हातात धरून 'हे काय आहे?' असं दुसऱ्या कर्मचाऱ्याला विचारू नका.

सामानाची यादी बहुतेक केंद्रांत पुरुषांसाठी बनलेली असते. साडी, बांगड्या, लिपस्टिक, विग 'नको त्या वस्तू'त जातात. काच आणि अल्कोहोल किंवा सॉल्व्हंट असलेल्या बाटल्या नाकारा (परफ्यूम, काही टोनर, नेलपॉलिश रिमूव्हर), बाकीचं राहू द्या. मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदलेल्या केंद्राला इथे फारसा पर्यायही नाही : मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० नुसार व्यक्तीला स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, केंद्राच्या गणवेशाची सक्ती करता येत नाही, आणि डोक्याचे केस सक्तीने कापता येत नाहीत. 'उवा होतात, सगळ्यांचेच कापतो' हे कारण चालत नाही. लांब केसांची ट्रान्सवुमन केस कापायच्या भीतीनेच कित्येकदा गेटवरून परत फिरते. फोनवर चौकशी आली की हे आधीच सांगून टाका.

दाढीचं तर वेगळंच सांगावं लागेल. ब्लेड वॉर्डात नको, हा नियम बरोबर आहे. पण पुरुष रुग्णाची दाढी चार दिवस वाढली तर काही बिघडत नाही. ट्रान्सवुमनची एक दिवस वाढली की ती खोलीबाहेर येत नाही, ग्रुपला बसत नाही, आणि नोंद होते 'सहकार्य करत नाही'. उपाय साधा आहे : बॅटरीवर चालणारा ट्रिमर ज्याचा त्याचा, नाव लिहिलेल्या पिशवीत, नर्सिंग स्टेशनवर. सकाळी प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं, आरशासह, स्टाफ दाराशी उभा. ब्लेडच लागत असेल तर ते मोजून द्या आणि मोजून घ्या. हात थरथरत असतील तर पहिले तीन दिवस फक्त ट्रिमर.

कॉट आणि संडास

ट्रान्सवुमनला आपोआप पुरुष वॉर्डात टाकू नका, आणि ट्रान्समॅनला आपोआप महिला वॉर्डातही नाही. विचारा, आणि पर्याय खरे ठेवून विचारा : 'महिला वॉर्डात कॉट आहे, दोन कॉटची ही खोली आहे. कुठे सुरक्षित वाटेल?' पुष्कळ ट्रान्समॅन पुरुषांच्या डॉर्मिटरीत झोपायला नको म्हणतात आणि महिला वॉर्डातही नको म्हणतात. त्यांच्यासाठी दोन कॉटची खोली हे सर्वांत व्यवहार्य उत्तर आहे.

मात्र वेगळी खोली म्हणजे बंद खोली नव्हे. पहिल्या दिवशी 'सोयीसाठी' दिलेली खोली आठव्या दिवशी एकांतवास होते. जेवणही आतच येऊ लागतं. कायद्याने एकांतात कोंडायला मनाई आहेच, पण डिटॉक्समध्ये, म्हणजे दारू तुटण्याच्या पहिल्या काही दिवसांत, एकटं माणूस ठेवणं वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचं. दारू तुटल्यावर फिट येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो, आणि डिलिरियम ट्रेमेन्स (भ्रम, थरकाप, बरळणं) बहुधा ४८ ते ९६ तासांत सुरू होतो. त्या काळात खोली नर्सिंग स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर हवी, दार बाहेरून उघडणारं हवं.

संडास-बाथरूमला आतून चालणारी कडी हवी. हे लिहायला लाज वाटते, पण कित्येक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली कड्याच काढलेल्या असतात. दोन्ही बाजूंनी उघडणारी कडी मिळते, सुतार तासाभरात बसवतो. एखादं बाथरूम 'कुणीही वापरा' असं करा आणि त्यात झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवा, कारण ट्रान्समॅनला पाळी येत असू शकते. लघवीच्या ड्रग टेस्टसाठी शेजारी उभं राहून बघण्याची गरज नसते : पट्टीचा थर्मामीटर लावलेला कप वापरा, चार मिनिटांत तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सियसमध्ये आलं तर नमुना ताजा आहे.

डिटॉक्स आणि हॉर्मोन : डॉक्टर आणि नर्ससाठी

इथे चांगल्या मनाचं केंद्रही चुकतं, कारण 'आधी दारूचं बघू, ते हॉर्मोन नंतर' असं म्हणून गोळ्या काढून घेतल्या जातात. हॉर्मोन अचानक तुटल्यावर घामाच्या लाटा, झोप उडणं, चिडचिड, मन खचणं होतं. डिटॉक्सचीही लक्षणं तीच. सिवा स्केलवर (दारू तुटल्याची लक्षणं मोजायच्या तक्त्यावर) गुण वाढलेले दिसतात आणि डायझेपाम हे शामक वाढवलं जातं. म्हणून नियम असा : हॉर्मोन चालू राहील, तुमच्याच औषधांच्या ट्रेमधून दिलं जाईल. थांबवायचंच असेल तर कारण आणि पुन्हा कधी बघणार ती तारीख केसपेपरवर लिहा.

विचारायचं असं : 'शरीरात बदल व्हावा म्हणून काही गोळ्या, इंजेक्शन चालू आहेत का? कुणी सांगितल्या? शेवटची कधी घेतली?' स्ट्रिप दाखवायला सांगा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं एस्ट्राडायोल (स्त्री हॉर्मोन) क्वचित, मेडिकलमधून आणलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नेहमीच्या, तीही 'लवकर फरक पडावा' म्हणून दिवसाला तीन-चार. या गोळ्यांत एथिनिल एस्ट्राडायोल असतं आणि त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. त्यात सिगारेट, उलट्यांनी कोरडं पडलेलं शरीर आणि तीन दिवस अंथरुणात पडून राहणं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. या व्यक्तीला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवून सुरक्षित एस्ट्राडायोलवर नेणं, हा व्यसनमुक्तीच्याच आराखड्याचा भाग समजा.

स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हॉर्मोन दाबायला घेतात ते) चालू असेल तर भरतीच्या दिवशी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करा. हे औषध पोटॅशियम वाढवतं आणि रक्तदाब उतरवतं. दारूड्याच्या उलट्या-जुलाबांत पोटॅशियम उलट कमी होतं. अंदाजाने काहीच ठरत नाही. पहिल्या दिवशी प्रेमाने नारळपाणी पाजत बसायची पद्धत इथे रिपोर्ट येईपर्यंत थांबवा, नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. सायप्रोटेरॉन (हेही त्याच कामाचं) यकृतावर ताण देऊ शकतं, तेव्हा डायसल्फिरॅम (यावर दारू घेतली तर त्रास होतो) किंवा नाल्ट्रेक्सोन (हे पिण्याची ओढ कमी करतं) देण्याआधी यकृताच्या तपासण्या. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं बहुधा दोन ते चार आठवड्यांनी असतात. भरतीच्या महिन्यात कोणत्या तारखेला येतंय ते कॅलेंडरवर लिहा. टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नाही, म्हणून गर्भाशय असेल आणि शक्यता असेल तर विचारून गर्भचाचणी.

काही महिने हॉर्मोन घेतलेल्या व्यक्तीचं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन बघताना सध्याच्या हॉर्मोनप्रमाणे असलेली मर्यादा लावा. नाहीतर ट्रान्समॅनचं नेहमीचं हिमोग्लोबिन लॅबच्या कागदावर लाल अक्षरात येतं.

औषधांच्या दोन टकरी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. कार्बामाझेपिन एस्ट्राडायोलची पातळी पाडतं, आणि एआरटीतल्या (एचआयव्हीवरच्या उपचारातल्या) डोल्युटेग्राव्हिरचीही. फिटसाठी किंवा मूडसाठी ते सुरू करण्याआधी दोन्ही विचारा, शक्यतो दुसरं निवडा. शिवाय केंद्रात सर्रास दिली जाणारी अँटासिड, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरचं शोषण अडवतात : एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. एचआयव्हीची स्थिती मात्र संमतीशिवाय तपासायची नाही, आणि फाइलवर लाल शेरा मारून जाहीरही करायची नाही. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ दोन्हींबाबत स्पष्ट आहे.

ट्रान्समॅन छाती सपाट दिसावी म्हणून बाईंडर किंवा घट्ट पट्टी वापरतात. दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना नाही, आणि झोपेचं किंवा शामक औषध चालू असताना अजिबात नाही. श्वास आधीच उथळ झालेला असतो. नुसतं 'काढा' म्हणू नका. सैल गडद टी-शर्टवर दुसरा शर्ट, अंगावर चादर, खोलीत कमी माणसं, असा पर्याय पुढे ठेवून म्हणा.

स्क्रीनिंगबद्दल एकच. ऑडिट-सी या पिण्याविषयीच्या तीन प्रश्नांच्या चाचणीत पुरुषांसाठी ४ आणि स्त्रियांसाठी ३ गुणांची रेषा असते. ट्रान्स व्यक्तीला कोणती लावायची यावर वेळ घालवू नका, ३ लावा. जास्त माणसं पुढच्या तपासणीला गेली तर नुकसान नाही. 'एक ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल धरलं, तर व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे जवळपास सहा ड्रिंक, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार. 'दोनच पेग' या उत्तरावर थांबू नका, बाटली केवढी ते विचारा.

सर्जरी ठरलेली असेल तर ती तारीख आताच लिहून ठेवा. नाल्ट्रेक्सोन चालू असताना ओपिऑइड वेदनाशामकं काम करत नाहीत; तोंडी गोळी सर्जरीच्या किमान ७२ तास आधी थांबवावी लागते आणि सर्जनला ते माहीत असावं लागतं. ज्यांचं निर्वाण (लिंग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) भोंदूकडून झालं आहे, त्यांच्यात वेदनाशामक इंजेक्शनांची सवय तिथूनच लागलेली असू शकते. ती दारूच्या मागे लपते, वेगळी विचारा.

नातेवाईक कोण

'आई-वडील किंवा बायको आल्याशिवाय भरती नाही' या नियमाने इथे दार बंदच होतं. घरच्यांनी हाकलून दिलेली व्यक्ती घरच्यांना कुठून आणणार? मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ ने उत्तर दिलेलं आहे : साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, कुणाही सज्ञान आणि सक्षम व्यक्तीला तिच्या लेखी संमतीने नामनिर्देशित प्रतिनिधी करता येतं. रक्ताचं नातं लागत नाही. गुरू, चेला, गुरुबहीण, जोडीदार, मैत्रीण, संस्थेची कार्यकर्ती, कुणीही. कौटुंबिक सत्रालाही याच माणसांना बोलवा.

गुरूबद्दल जरा सावध बोलायला हवं. पुष्कळ ठिकाणी चेल्याला केंद्रापर्यंत धरून आणणारी आणि फी भरणारी गुरूच असते. पण चेल्याची रोजची कमाईही तिच्याशी जोडलेली असते, आणि महिनाभर चेला बाजार मागायला (दुकानोदुकानी पैसे मागायला) गेला नाही तर ते तिला जाणवतं. म्हणून दोघींशी वेगळं बोला, आणि डिस्चार्जची तारीख फीच्या हिशोबावर ठरू देऊ नका. भेटीच्या दिवशी घराण्यातल्या (एकाच गुरुपरंपरेतल्या) पाच-सहा जणी आल्या की वॉचमन घाबरतो आणि गेटवरच वाजतं. बाकीच्यांना जेवढे भेटणारे चालतात तेवढेच इथे, हे त्याला आधी सांगून ठेवा.

उलटा प्रकार जास्त गंभीर. आई-वडील वीस-बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन येतात : 'संगतीने बिघडलाय, बायकांसारखं वागतो, पितो पण.' आधी मुलाशी एकट्याने अर्धा तास बोला. खरोखर व्यसन आहे का ते मोजा. वर्षातून चारदा बिअर हे व्यसन नव्हे. नसेल तर भरती नाही, आणि तसं केसपेपरवर लिहा. असेल तर व्यसनावर उपचार करा आणि पालकांच्या सहीच्या कागदावर एक ओळ छापून ठेवा : 'या केंद्रात लिंगओळख किंवा लैंगिक कल बदलण्याचा कोणताही उपचार होत नाही.' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असले 'उपचार' व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीची विसंगती मानसिक आजारांच्या यादीत नाही. आपल्याच समुपदेशकाच्या तोंडून 'दारू सुटली की हेही सुटेल' असं निघत नाही ना, ते बघा. निघतं.

ग्रुप

ग्रुपचा नियम एका वाक्यात सांगा आणि सगळ्यांना सांगा : 'इथे व्यसनावर बोलायचं, कुणाच्या शरीरावर नाही.' 'ऑपरेशन झालंय का?' असा प्रश्न आला की फॅसिलिटेटरने तिथल्या तिथे, आवाज न चढवता, 'तो प्रश्न इथे नाही, तुमचा कालचा दिवस सांगा' म्हणून पुढे जायचं. नंतर केबिनमध्ये बोलवून समज देणं उशिराचं ठरतं. तोपर्यंत त्या व्यक्तीने ग्रुपला येणं बंद केलेलं असतं.

शनिवारच्या मनोरंजनात 'नाचून दाखवा', 'टाळी वाजवा' अशी फर्माइश होते. स्टाफही हसत असतो. दुसरीकडे काही रुग्ण आशीर्वाद मागतात, काही शापाला घाबरून जवळ बसत नाहीत. ती व्यक्ती तिथे आपलं पिणं थांबवायला आली आहे. कुणाचं मनोरंजन, कुणाचा आशीर्वाद आणि सगळ्या वॉर्डाचं लिंगभाव प्रशिक्षण तिच्याकडून करून घ्यायचं नाही.

रिलॅप्स प्रिव्हेन्शनचे (पुन्हा पिणं टाळण्याचे) छापील तक्ते लग्न झालेल्या, नोकरी करणाऱ्या पुरुषासाठी लिहिलेले असतात : पगाराचा दिवस, मित्राचं लग्न, बायकोशी भांडण. इथे ट्रिगर वेगळे. बाजार मागायला निघण्याआधी लाज मोडायला मारलेली क्वार्टर. गिऱ्हाइकाचं 'तू पण घे'. पोलिसांनी हटकणं. दिवाळीला घरून फोन न येणं. नकार द्यायचा सरावही त्याच प्रसंगांवर घ्या : 'गोळी चालू आहे, घेतली तर इथेच उलटी होईल' हे वाक्य गिऱ्हाइकापुढे चालतं, 'मी निर्व्यसनी झाले' हे चालत नाही. स्वतःची कोल्ड्रिंकची सीलबंद बाटली जवळ ठेवणं हा त्याहून चांगला उपाय.

याच कारणाने डायसल्फिरॅम देताना दहादा विचार करा. ज्यांच्या हातात दुसरा माणूस ग्लास देतो, त्यांच्या ग्लासात काय आहे हे त्यांना नेहमी कळत नाही, आणि डायसल्फिरॅमवर दारू गेली तर जीवावर बेतू शकतं. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम किंवा, मूत्रपिंड ठीक असेल तर, अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, हे इथे सुरक्षित पडतं.

आणि सगळंच ट्रान्स असण्यावर ढकलू नका. काही जणींचं पिणं शेजारच्या कॉटवरच्या रिक्षावाल्यासारखंच असतं : वडील प्यायचे, सोळाव्या वर्षी पहिली घेतली, वाढत गेली.

स्टाफ

प्रशिक्षण डॉक्टर-समुपदेशकांपुरतं ठेवलं तर वाया जातं. व्यक्तीला भेटणारा पहिला माणूस वॉचमन, दुसरी रिसेप्शनिस्ट, तिसरा वॉर्डबॉय. तीन तासांची दोन सत्रं, भाषणं कमी, प्रसंग जास्त : गेटवर, झडतीच्या खोलीत, रात्री दोनला दुसऱ्या रुग्णाने तक्रार केल्यावर. शिकवायला समाजातली व्यक्ती बोलवा आणि मानधन द्या. पीअर समुपदेशक (समाजातलीच, त्याच अनुभवातून गेलेली) नेमलात तर तिला सगळ्या रुग्णांसोबत काम द्या, आणि नव्या ट्रान्स रुग्णाकडे पाठवण्याआधी त्या रुग्णाला विचारा. दोघी एकाच घराण्यातल्या निघाल्या तर इथली गोष्ट रात्रीपर्यंत तिथे पोचलेली असते. तक्रारपेटी बाथरूमच्या वाटेवर लावा. सुपरिंटेंडंटच्या दारासमोरच्या पेटीत कुणी चिठ्ठी टाकत नाही. तिमाहीला फक्त एवढं बघा : पहिल्या सात दिवसांत कोण सोडून गेलं आणि खरं कारण काय. तीन जण आले असतील तर टक्केवारी काढू नका, तिन्ही फाइली वाचा.

घरी गेल्यावर

रात्री काम करणाऱ्याला सकाळी दहाची ओपीडी म्हणजे ओपीडी नाहीच. आठवड्यातून एक दिवस दुपारी तीन ते पाच ठेवा. पहिल्या आठवड्यात दोन फोन, मग महिनाभर आठवड्याला एक, तीन महिन्यांपर्यंत पंधरवड्याने, पुढे वर्षभर महिन्याने. फोन कोणत्या नंबरवर, कोणत्या नावाने, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, हे डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्या. केंद्राचं नाव सांगून 'अमुक दादा आहेत का?' असं विचारणारा एक फोन भाड्याची खोली घालवू शकतो.

राहायला जागा नसेल तर केंद्र सरकारच्या स्माइल योजनेतल्या गरिमा गृहांत (ट्रान्स व्यक्तींसाठीच्या निवाऱ्यांत) चौकशी करा, पण आधी फोन करून नुकती दारू सोडलेली व्यक्ती ते घेतात का ते विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा, १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्याचा) आणि १०९७ हा एचआयव्हीविषयक मोफत क्रमांक. तिन्ही छोट्या कार्डावर छापून द्या, कार्डावर केंद्राचं नाव नको.

पुन्हा प्यायलेल्या अवस्थेत कुणी गेटवर आलं, तर वॉचमनने आत घ्यायचं, बसवायचं, पाणी द्यायचं आणि नर्सला बोलवायचं; 'उतरल्यावर या' म्हणायचं नाही. जुना केसपेपर काढा. हाक मारायचं नाव मात्र पुन्हा विचारा, मधल्या काळात ते बदललेलं असू शकतं.